कोकणची माघवारी आणि घरची चूल

आषाढी एकादशी जवळ आली की महाराष्ट्रातील यच्चयावत वृत्तपत्रांस पंढरीची वाट दिसू लागते. आळंदीहून ज्ञानेश्वरांच्या व देहूहून तुकोबांच्या पादुका निघाल्या, दिवे घाट पताकांनी भरून गेला, अमक्या माळावर रिंगण झाले, ही वर्णने दरसाल जवळजवळ त्याच शब्दांत छापली जातात आणि वाचलीही जातात. त्यांत वावगे काही नाही. परंतु पंढरीच्या मुख्य वाऱ्या वर्षास चार आहेत : चैत्री, आषाढी, कार्तिकी व माघी. यांपैकी शेवटच्या वारीस कोकणच्या वारकऱ्यांचा भरणा मोठा असतो, ही गोष्ट खुद्द कोकणातल्या शहरवासी वाचकांसही पुष्कळदा ठाऊक नसते. आज आम्हांस लिहावयाचे आहे ते या माघवारीविषयी. आणि तीतही एकट्यादुकट्या वारकऱ्याविषयी नव्हे, तर शेजाऱ्याच्या हाती किल्ली देऊन आईबाप, मुले, सून, आजी असे सारे घरच जेव्हा पायी निघते, त्याविषयी.

उदाहरणादाखल राजापूर तालुक्यातील नाटे हे गाव घेऊ. जैतापूरच्या खाडीकाठचे हे गाव. यशवंतगडाचा जुना तट येथेच आहे, मुसाकाजीचे बंदर जवळ आहे, आणि साखरीनाट्यास मच्छीमारांची मोठी वस्ती आहे. येथून पंढरपूर ३०० किलोमीटरांहून अधिक दूर पडते. दिवसाकाठी २५ किलोमीटर चालणारे कुटुंब धरले तरी तेरा-चौदा मुक्काम झालेच. आम्ही नाटे निवडले ते तेथील कोणा एका घराकडे बोट दाखविण्यासाठी नव्हे. किनाऱ्यावरचे दुसरे कोणतेही गाव घेतले असते तरी हिशेब तोच आला असता.

कोकण्यास माघच का सोयीचा, हे ज्याने एकदा आषाढातला कोकण पाहिला आहे त्यास सांगावयास नको. आषाढात तरवा काढून भाताची लावणी चाललेली असते आणि शेतकऱ्याचे सारे घर गुडघाभर चिखलात उभे असते. त्या पंधरवड्यात खाचर सोडून जो देवास जाईल, त्याच्या घरी पुढे वर्षभर देवच भात घालो! कार्तिकात कापणी व झोडणी. भात कणगीत पडले, पेंढा रचून झाला, आणि शेताची भाजावळ अजून पुढे आहे, असा मोकळा काळ येतो तो पौष-माघातच. इंग्रजी महिन्यांनी बोलावयाचे तर माघ शुद्ध एकादशी जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या चौथ्या आठवड्यापर्यंत केव्हातरी पडते. या काळात हापूसच्या बागाइतदारास मात्र मोहोराची राखण सोडून जाता येत नाही, आणि मच्छीमारासही धंदा बुडवून निघणे परवडत नाही. कारण त्याची सक्तीची विश्रांती १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या दिवसांत, म्हणजे नेमकी आषाढाच्या सुमारास असते. एकाच गावात एकाचा आषाढ कामाचा तर दुसऱ्याचा माघ कामाचा, अशी ही व्यवस्था आहे. पंढरीच्या वाऱ्या एकाहून अधिक आहेत यातील शहाणपण अशा ठिकाणी कळते.

दुसरीही एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कोकणात शिमग्यास ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. माणसाने अंगण सारवून तिची वाट पाहावयाची. देशावर माणूस घर सोडून पालखीबरोबर जातो. कोकणी घराने वारीस निघावयाचे म्हणजे आपली जन्मभराची सवय उलटी करावयाची आहे, आणि आमच्या मते त्या उलटण्यातच या वारीचा खरा फायदा आहे.

वाट जुनी आहे. नाट्याहून राजापूर, तेथून ओणी, पाचल, आणि मग अणुस्कुऱ्याचा घाट. घाट चढून शाहूवाडी तालुक्यात मलकापूर, पुढे बांबवडे, कोल्हापूर, मिरज, कवठे महांकाळ, सांगोला, आणि अखेर चंद्रभागा. आमच्या व्यापारी वाचकांस हे सांगणे नलगे की राजापूर हे एके काळी घाटमाथ्याच्या मालाचे मोठे बंदर होते. इंग्रजांनी १६४९ साली तेथे वखार घातली आणि १६६१ साली शिवाजी महाराजांनी ती लुटली, ती वखार उगाच रानात नव्हती. तिच्यामागे घाटांतून उतरणाऱ्या बैलांच्या तांड्यांचा व्यापार होता. त्याच दिशेने आज वारकरी चढतो. तीन-चार दिवसांत नारळीपोफळीची सावली संपते, ऊस लागतो, मग ऊसही संपतो, आणि कवठे महांकाळपासून पुढे उघडा माळ, बाभळ व सांगोल्याकडची डाळिंबे. पाण्याची घागर किती दुरून आणावी लागते हे कोकणातल्या मुलीस तेथे प्रथम दिसते. भूगोलाच्या पुस्तकात अवर्षणप्रवण प्रदेश म्हणून जो धडा असतो, तो पायांनी वाचला जातो.

आता सुशिक्षितांचा आक्षेप. पंधरा दिवसांची मजुरी बुडवून, म्हाताऱ्याकोताऱ्यांस उन्हात चालवून, मुलांची शाळा चुकवून काय साधले? एस. टी.ने एका दिवसात जे दर्शन होते त्यासाठी एवढी पायपीट कशाला? हा प्रश्न विचारणाऱ्यांस आम्ही हसत नाही. प्रश्न रास्त आहे. पण तो विचारणाऱ्याने कोकणी कुटुंब म्हणजे काय याचा विचार केलेला दिसत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातले घर पिढ्यानपिढ्या दोन जागी विभागलेले आहे. कर्ता पुरुष मुंबईस, पूर्वी गिरणीत व आता कोठे पहारेकरी, कोठे कचेरीत, कोठे टॅक्सीवर. बायको, म्हातारी व मुले गावी. १९८२ सालच्या संपानंतर गिरण्या बुडाल्या, पण घर जोडले गेले नाही. फक्त नोकरीचे नाव बदलले. १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली आणि येणेजाणे सोपे झाले. तरी चाकरमानी घरी येतो तो गणपतीस व शिमग्यास, आणि तेव्हा घर पाहुण्यांनी इतके भरलेले असते की नवराबायकोस धड बोलावयासही सवड मिळत नाही. बापाने मुलीबरोबर सलग पंधरा दिवस काढले, ही गोष्ट कित्येक घरांत मुलीच्या लग्नापर्यंत घडतच नाही. जे कुटुंब रेशनकार्डावर एक आणि प्रत्यक्षात दोन आहे, त्यास पंधरा दिवस एकाच आभाळाखाली ठेवणारी दुसरी संस्था कोणी आम्हांस दाखवावी.

शिवाय वारीत घराची उतरंड काही काळ मोडते. दिंडीत यजमान घरचा कर्ता नसतो. विणेकऱ्याचा शब्द सर्वांवर चालतो, आणि तो विणेकरी कदाचित आपल्याच वाडीतला एखादा गरीब कुणबी असतो. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. त्यात वय पाहावयाचे नाही, जात पाहावयाची नाही, स्त्रीपुरुष पाहावयाचे नाही, असा संप्रदायाचा दंडक आहे. ज्याच्यासमोर मान वर करून बोलण्याची घरी चोरी, त्या बापाने आपल्या पोरीपुढे वाकून तिला माउली म्हणावे, हे दृश्य कोणत्याही सुधारकाच्या व्याख्यानाने घडून येणार नाही. आम्ही या वारीच्या बाजूस आहो तो यासाठी. पुण्य किती लागते याचा हिशेब आमच्याकडे नाही.

येथवर स्तुती झाली. आता जे सांगावयाचे आहे ते तितके गोड नाही.

दिंडी चालते तिची रचना पाहा. पुढे पताकावाले, मागे टाळकरी, मृदंग, मग विणेकरी, आणि त्याच्या मागे डोक्यावर तुळस व पाण्याचा हंडा घेतलेल्या बाया. म्हणजे कुटुंब बरोबर निघाले तरी नवरा पुढे गातो व बायको मागे ऐकते. हे एक वेळ चालेल. मागे असलेल्या बायाही गातात, आणि पुष्कळदा पुढच्यांहून बऱ्या गातात. पण संध्याकाळी मुक्काम पडला म्हणजे काय होते? मोठ्या दिंड्यांत भिशी गोळा करून आचारी ठेवतात. लहान दिंडीस ते परवडत नाही. तेथे पुरुष पाय धुऊन कीर्तनास बसतात आणि बाया तीन दगड मांडून चूल पेटवितात. वीस-पंचवीस किलोमीटर दोघांनीही तुडवली. पुढचे दोन तास मात्र एकीनेच राबावयाचे. रात्री भांडी, पहाटे तिनाच्या सुमारास उठून इतरांच्या आधी अंघोळ, पुन्हा चहापाणी. सासू असेल तर तिचे पाय चेपणे हे वेगळेच. अशा वारीत सून किती वेळ वारकरी असते व किती वेळ सूनच असते, हे ज्याचे त्याने मोजावे.

नाट्याचे जे कुटुंब माघात निघेल त्यास आमची विनंती आहे की घराची चूल घरीच ठेवून यावे. याचा अर्थ उपाशी राहावे असा नव्हे. कोकणचा वारकरी सुदैवाने पेजेवर वाढलेला आहे. तांदळाची कणी, कुळथाचे पीठ, नाचणी, थोडे सुके खोबरे व मीठमिरची एवढ्या सामानावर पेज व पिठले करावयास पाककलेत मोठी पारंगतता लागत नाही; ज्या पुरुषाने मुंबईस खोलीत स्वतःचा भात शिजवला आहे त्यास तर मुळीच नाही. हा मनुष्य मुंबईत स्टोव्ह पेटवतो, डाळ फोडणीस टाकतो, ताट घासतो; आणि गावच्या माणसांत आला की त्यास चमचा धरता येत नाही! मुक्कामाचे काम पाळीने वाटावे. एका दिवशी बायांनी, एका दिवशी पुरुषांनी रांधावे, आणि ज्यांची पाळी नाही त्यांनी कीर्तनास बसावे. यासाठी कोणा पुढाऱ्याची परवानगी नको, सरकारी ठराव नको, वर्गणी नको. म्हाताऱ्या वारकऱ्यांतील काहींस हे रुचणार नाही. पण चोख्याच्या संप्रदायात कामाची लाज बाळगणे शोभत नाही, एवढे त्यांस नम्रपणे सांगता येईल.

चोखामेळ्याचे नाव आले ते ओघाने आले नाही. मंगळवेढ्याचे हे घर म्हणजे महाराष्ट्राच्या इतिहासातले पंढरीच्या वाटेवरचे सर्वांत मोठे कुटुंब होय. चोखोबा, त्यांची पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, निर्मळेचा पती बंका, मुलगा कर्ममेळा. एका महार घरातील पाचही जणांच्या नावे अभंग आहेत, आणि या घरास देवळाचे दार बंद होते. चोखोबांची समाधी महाद्वारापाशी आहे, आत नाही. दार उघडावयास सहा शतके लागली. आणि उघडविण्यासाठी जो मनुष्य १ मे १९४७ पासून दहा दिवस पंढरपुरास उपोषणास बसला, तो आमच्या कोकणचा होता. साने गुरुजींचा जन्म दापोली तालुक्यातील पालगडचा. त्याच्या सोळा वर्षे आधी, १९३१ साली, रत्नागिरीस भागोजीशेठ कीर यांनी पतितपावन मंदिर बांधून सर्व जातींस खुले केले होते. या दोन्ही गोष्टी कोकणी मनुष्य अभिमानाने सांगतो, सांगाव्यात. मात्र देवळाचे दार उघडले म्हणून पंगतीतील भिंत आपोआप पडत नाही.

इरावती कर्वे यांनी स्वतः पायी वारी करून 'वाटचाल' या नावाने जे लिहिले, त्याचे इंग्रजी भाषांतर १९६२ साली प्रसिद्ध झाले व परदेशीय विद्वानांनी ते वाखाणले. त्या लेखातील एक बोचरी हकीकत अशी की एकाच वाटेने, एकच नाम घेत चालणाऱ्या ब्राह्मण व मराठा बायका जेवावयास मात्र वेगवेगळ्या बसत. सबंध दिवस ज्यांच्या खांद्यास खांदा, त्यांच्या ताटास ताट लागू नये! ही स्थिती आज तशीच्या तशी राहिलेली नाही, परंतु अमक्या वाडीची चूल येथे, तमक्या वाडीची पलीकडे, ही मांडणी अगदीच इतिहासजमा झाली असे म्हणण्याचे धाडस आम्हांस होत नाही. चुलीचा प्रश्न दुहेरी आहे. तिच्याजवळ कोण बसते हा एक, आणि तिच्यावरचे कोण कोण एकत्र जेवते हा दुसरा. पाळीने रांधण्याची रीत पडली तर दोन्ही प्रश्न एकदम हलतात. कारण आज कुणब्याची पाळी, उद्या भंडाऱ्याची, परवा तेल्याची असे झाले की कोणाच्या हातचे कोण खातो हे पाहत बसावयास सवड राहत नाही. पोटात भूक असली म्हणजे माणूस लवकर सुधारतो.

मुलांविषयी थोडेसे. माघ म्हणजे शाळेच्या वर्षाची अखेर. बारावी व दहावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चात येतात. ज्या घरात परीक्षेचे मूल आहे त्याने त्यास चालवू नये. एकादशीस देव जितका प्रसन्न असतो तितका तो परीक्षेच्या दिवशीही असतो. लहान वर्गातल्या मुलांस शेवटच्या तीन-चार मुक्कामांपुरते, सांगोल्यापासून, बरोबर घ्यावे. तोवर त्यांनी आजोळी राहून शाळा करावी. पण येथे एक लबाडी होते ती उघड केली पाहिजे. मुलगा 'लहान आहे, हौस आहे' म्हणून दिंडीत जातो आणि त्याहून दोन वर्षांनी मोठी बहीण गुरे, कोंबड्या व आजोबा सांभाळण्यास घरी राहते. तिची शाळाही बुडते ती बुडतेच, आणि वारीही घडत नाही. परीक्षेचा मुलगा घरी राहणार असेल तर गुरांचे पाणी त्याने पाहावे व आपला भात आपण शिजवावा.

म्हाताऱ्यांचा प्रश्न त्यामानाने सोपा झाला आहे. ७५ वर्षांवरील प्रवाशांस २०२२ सालापासून एस. टी.चा प्रवास मोफत झाला आणि २०२३ च्या मार्चापासून सर्व स्त्रियांस अर्धे तिकीट झाले. आजीने पायांस झेपेल तितके चालावे, अणुस्कुऱ्याचा चढ एस. टी.ने करावा, व पुढच्या मुक्कामी सर्वांआधी जाऊन बसावे. असे केल्याने वारी खंडित होते असे सांगणारा कोणी भेटला, तर त्यास घाट चढताना आजीस पाठीवर घेण्यास सांगावे.

आता रस्ता, आणि या बाबतीत आमचे बोलणे कुटुंबाकडे नसून राजापूर, मलकापूर, कोल्हापूर, मिरज येथील व्यापारी वाचकांकडे व सरकारकडे आहे.

३१ ऑक्टोबर २०२२ रोजी संध्याकाळी कोल्हापूर जिल्ह्यातील जठारवाडीची एक दिंडी कार्तिकीसाठी पंढरपुरास चालली होती. सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ मागून भरधाव आलेली एक मोटार त्या दिंडीत घुसली. सात वारकरी मेले. पंढरपूर तेथून दोनच दिवसांच्या चालीवर होते. त्याच्या तीन वर्षे आधी, १९ नोव्हेंबर २०१९ रोजी, दिवे घाटात नामदेवरायांच्या दिंडीत माती उकरण्याचे एक यंत्र शिरून नामदेवांचे एक वंशज व आणखी एक वारकरी ठार झाले. आमच्या नाट्याच्या कुटुंबास ज्या रस्त्याने जावयाचे आहे त्यावरच जुनोनी आहे, हे वाचकांनी नकाशात पाहावे.

आळंदी व देहूच्या पालखीमार्गांच्या रुंदीकरणाचा पाया नोव्हेंबर २०२१ मध्ये घातला गेला, आणि त्या योजनेत दोन्ही बाजूंस पायी चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र वाट राखली आहे. उत्तम झाले. २०१५ सालापासून आषाढीच्या मुक्कामांवर फिरती शौचालये ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला, तेही उत्तम. २०२४ साली मानाच्या पालख्यांबरोबरच्या दिंड्यांस प्रत्येकी २० हजार रुपये देण्याचे सरकारने ठरविले. हे सर्व आषाढीचे झाले. माघात कोकणातून, किंवा कार्तिकात कोल्हापुराकडून, तीस-चाळीस माणसांची जी दिंडी हमरस्त्याच्या कडेने जाते, तिच्यासाठी काय आहे? डांबराची कडा, तिच्या खाली हातभर खोल खड्डा, आणि मागून येणाऱ्या मालमोटारींचे दिवे. २०२३ साली आषाढीच्या वारकऱ्यांसाठी विम्याची योजना निघाली, व तीत वारीत मृत्यू आल्यास वारसांस पाच लक्ष रुपये देण्याची तरतूद झाली. मेल्यावर पाच लक्ष देणाऱ्या सरकारने जिवंतपणी चालावयास पाच हात रुंद मातीची वाट द्यावी, ही मागणी अवाजवी म्हणता येईल काय?

स्त्रियांच्या दृष्टीने रस्त्याइतकाच नड असलेला दुसरा विषय आडोशाचा आहे. आडोसा नाही म्हणून बाया दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि माघाच्या दुपारी सांगोल्याच्या माळावर पाणी न पिता चालणे म्हणजे आजारास आमंत्रण आहे. ज्या बाईस वाटेत विटाळशी व्हावे लागले तिचे हाल तर बोलून दाखविण्याचीही सोय नाही. आमच्या दानशूर व्यापाऱ्यांस वारकऱ्यांस जेवू घालण्याची मोठी हौस असते. एका दिवशी तीन ठिकाणी बुंदी मिळते आणि एकाही ठिकाणी दारास कडी असलेले शौचालय मिळत नाही, ही या दानाची तऱ्हा आहे. गाडगेबाबा पंढरपुरास जात ते देवळात शिरत नसत. खराटा घेऊन चंद्रभागेचे वाळवंट झाडीत. त्यांनी तेथे बांधलेली चोखामेळा धर्मशाळा पुढे १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. बाबांची तसबीर ज्या दुकानात लटकते आहे त्या दुकानदाराने बुंदीच्या दोन कढयांचे पैसे एका पक्क्या शौचालयास व हातपंपास द्यावे, म्हणजे तसबिरीस हार घालण्याचे काम उरणार नाही.

कोणी म्हणेल, सरकार ऐकेपर्यंत काय करावयाचे? स्पेन देशात सांतियागो म्हणून एक ख्रिस्ती तीर्थ आहे. तेथे जाण्याच्या जुन्या पायवाटा मोडून गेल्या होत्या आणि यात्रेकरू हमरस्त्यावरून मोटारी चुकवीत चालत. १९८४ साली डोंगरातल्या एका खेड्याच्या पाद्र्याने, त्याचे नाव एलियास वालिन्या, पिवळा रंग व कुंचला घेऊन झाडांवर, दगडांवर, भिंतींवर बाण रंगवावयास आरंभ केला, जेणेकरून चालणाऱ्यास हमरस्ता सोडून गावांतून व शेतांतून वाट सापडावी. आज त्या बाणांच्या मागे लाखो लोक चालतात, आणि त्या वाटेवर गावोगावच्या नगरपालिकांनी व देवळांनी यात्रेकरूंसाठी उतारशाळा ठेवल्या आहेत.

आपल्याकडेही ओणीपासून घाटाच्या पायथ्यापर्यंत, मलकापुरापासून कोल्हापुरापर्यंत, आणि मिरजेच्या पुढे गावागावांस जोडणाऱ्या पाणंदी व बैलगाडीच्या वाटा आहेत. कोणती वाट कोठे फुटते हे त्या त्या गावच्या म्हाताऱ्यांस पाठ असते. प्रत्येक बाजारपेठेच्या व्यापारी मंडळीने आपल्या गावाच्या दोन्ही बाजूंचे आठ-दहा किलोमीटर वाटून घेतले तर नाट्यापासून सांगोल्यापर्यंत खुणा पडावयास एक हंगाम पुरे. जेथे हमरस्ता टळतच नाही, तेथे दिंडीने दिवस मावळल्यावर पाऊल टाकू नये, रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारे वाहन दिसेल असे चालावे, आणि सर्वांच्या मागे चालणाऱ्याच्या पाठीवर चकाकणारी पट्टी व हातात तांबडा दिवा असावा. ही पट्टी सायकलच्या दुकानात मिळते. पताकेस वीस हात कापड घेणाऱ्या दिंडीस तिचा खर्च जड जाऊ नये.

दुकानांत व पेढ्यांवर कोकणचे गडी कामास ठेवणाऱ्या मुंबई-कोल्हापूरच्या धनिकांस आणखी एक सांगणे आहे. गडी गणपतीची रजा मागतो तेव्हा ती आपण देता, कारण न दिल्यास तो तसाच जातो. माघात पंधरा दिवसांची रजा तो मागत नाही, कारण ती मिळणार नाही हे त्यास ठाऊक असते. मग त्याची बायको, आई व मुले दिंडीत एकटीच चालतात. दोन-तीन वर्षांतून एकदा तरी ही रजा पगारी द्यावी, आणि द्यावयाची ती घरच्यांबरोबर चालण्यासाठी म्हणूनच द्यावी.

रंगाचे काम दिवाळीनंतर काढावे. त्याआधी लावलेली खूण कोकणच्या व घाटमाथ्याच्या पावसात टिकत नाही, आणि पौष उजाडण्यापूर्वी ती सुकलेली असणे अवश्य आहे. अणुस्कुऱ्याच्या वरच्या अंगास धुके दाट पडते. तेथे बाण पांढऱ्या रंगाचे न काढता पिवळे किंवा तांबडे काढावेत.